आगबोटीवर गेलेले पणजोबा कागदांत कुठे सापडतील?

जुनी_पेटी

नमस्कार. गेली चार वर्षं मी एका माणसाच्या मागावर आहे आणि आता एकटीने पुढे जाता येत नाही, म्हणून हा धागा.

माझे पणजोबा, म्हणजे बाबांचे आजोबा, दापोली तालुक्यातले, हर्णै बंदराच्या अलीकडच्या एका गावचे. पहिल्या महायुद्धाच्या आधी कधीतरी मुंबईला गेले आणि आगबोटीवर लागले. घरात चालत आलेली कथा चार वाक्यांची आहे. ते सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. लढाई चालू असताना मुंबईच्या तोंडाशी आल्यावर बोट फुटली. ते बोटीबरोबर गेले. पणजीने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही.

आजोबांच्या मागे एक पत्र्याची पेटी राहिली. तिच्यात हे मिळालं:

एक छापील कागद, बोटीवरून मोकळं केल्याचा दाखला असावा. अर्धा वाळवीने खाल्लाय. बोटीच्या नावाची पहिली दोन-तीन इंग्रजी अक्षरं उरलीत, 'मों' असं वाचता येतं. वर्ष १९१५ स्पष्ट आहे.

एका मनीऑर्डरचं कूपन. मागे मोडीत चार-पाच ओळी. शिक्का पुसट आहे, अदन असं वाचता येतं, वर्षाचे आकडे मला ११ वाटतात.

चांदीची शिट्टी, साखळीसकट.

आणि तलाठी कार्यालयातून काढलेली फेरफाराची नक्कल, १९२९ सालची. तिच्यात पणजोबांचं नाव कमी करून पणजी आणि आजोबांचं नाव लागलंय.

मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्यांचं स्मारक आहे, त्याची यादी मी दोनदा वाचून काढली. पणजोबांच्या नावाचे चार जण मिळाले, पण वडिलांचं नाव एकाचंही जुळत नाही.

मला एवढंच कळून घ्यायचंय की हा माणूस नक्की कुठे गेला. कुठे शोधू?

कागदवेडा

ताई, धागा फार आवडला. मी वीसेक वर्षं हेच करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा. माणूस शोधू नका, बोट शोधा. ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या खलाशांची व्यक्तिवार नोंदणी १८५७ ला बंद झाली ती १९१३ ला परत सुरू झाली. त्यातही १९१३ ते १९२० ची कार्डं पुढे १९६९ मध्ये नष्ट केली गेली. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या ऐन उमेदीच्या वर्षांसाठी 'नाव टाका, माणूस मिळवा' अशी वाट जवळजवळ नाहीच. बोटींचे कागद मात्र राहिले. प्रत्येक सफरीच्या आधी खलाशांशी करार होत असे, त्याला जोडून सगळ्यांची यादी असे.

या याद्या तीन ठिकाणी विखुरल्यात. १८६१ नंतरच्या दर वर्षातल्या साधारण १० टक्के लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्या वर्षाच्या शेवटी ५ येतो, त्या वर्षाच्या उरलेल्या याद्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. बाकीच्यातला मोठा गठ्ठा, सुमारे ७० टक्के, थेट कॅनडात न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात. जागेअभावी त्या नष्ट होणार होत्या, त्या विद्यापीठाने वाचवल्या.

तुमच्या दाखल्यावर १९१५ आहे, हे मोठं नशीब. १९१५ च्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्यात आणि त्या घरबसल्या फुकट पाहता येतात. साडेसात लाखांच्या आसपास नावं आहेत.

एक विचारतो. बोटीच्या नावाशेजारी एखादा पाच-सहा आकडी क्रमांक दिसतो का? एकाच नावाच्या बोटी अनेक असत. पण नोंदणीचा अधिकृत क्रमांक एका बोटीला एकच, आणि मालक बदलला तरी तो तोच राही.

उधाण

वाचतोय. शिट्टीचा फोटो टाका ना ताई.

तांडेलांची_नात

कागदवेडा यांच्या प्रतिसादाला जोड देते.

नाव शोधताना आडनाव विसरा. आमच्या आजोबांचं आडनाव तांडेल, हे बोटीवरच्या हुद्द्यावरूनच पडलेलं. यादीत मात्र ते कधीच आडनावाने नाहीत. गोऱ्या कारकुनाला दोन शब्द हवे असत, म्हणून स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एवढंच लिहिलेलं असे. मी सहा महिने 'तांडेल' शोधत होते आणि आजोबा तिथे वडिलांच्या नावाने बसलेले होते.

स्पेलिंगला तर धरबंधच नाही. सारंग नाव सांगणार मराठीत किंवा हिंदुस्थानीत, कारकून ऐकणार त्याच्या कानाने. गावाच्या रकान्यातही तसंच. रत्नागिरीचं 'रटनागिरी', 'रुटनागेरी' असं काहीही दिसतं. आणि गाव म्हणून बहुतेकदा जिल्ह्याचंच नाव असतं. हर्णै लिहिलेलं मिळालं तर भाग्य समजा.

वयावरही जाऊ नका. आमचे आजोबा तीन याद्यांत २८, २८ आणि २५ वर्षांचे आहेत, या क्रमाने :)

शिडाची_दोरी

शिट्टी असेल तर साधे खलाशी नव्हते, एवढं नक्की. शिट्टीवर हुकूम देणारा सारंग, नाहीतर त्याच्या हाताखालचा तांडेल.

नवीन वाचकांसाठी हुद्दे सांगून ठेवतो, याद्या वाचताना लागतात. डेकवर सारंग, तांडेल, सुकाणी, कसाब म्हणजे सामानसुमान सांभाळणारा, मग खलाशी. खाली इंजिनात आगवाले आणि कोळसेवाले. झाडलोट करणारा टोपास. आणि 'भंडारी' म्हणजे स्वयंपाकी. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण कोकणातली बरीच मंडळी यादीत भंडारी वाचून ती जात समजतात आणि भलत्याच माणसाला पूर्वज करून घरी आणतात.

उधाण

आमच्या अख्ख्या वाडीत ज्याला विचाराल त्याचा पणजोबा सारंगच. एकही भंडारी नाही. मग त्या बोटींवर जेवण कोण रांधत होतं हा मला लहानपणापासून पडलेला प्रश्न आहे :)

भरती_ओहोटी

उधाण, आमचे आजोबा भंडारी होते. आणि त्यांच्या हातच्या कालवणाची आठवण काढून माझे वडील शेवटच्या आजारपणात रडले होते. घ्या, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं :)

उधाण

मिळालं. तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा.

दीपस्तंभ

मी थोडं वेगळं मत मांडतो, कोणी रागवू नये.

घरातल्या कथेवर फार विसंबू नका. 'बोट बुडाली' ही कोकणातल्या प्रत्येक घरातली कथा आहे. परत न आलेल्या माणसासाठी घराला काहीतरी सांगावं लागतं. कोणी परदेशात उतरून गेलेले असतात, कोणी आजाराने इस्पितळात जातात, कोणी तिकडेच संसार थाटतात. मुलांना हे सगळं कसं सांगणार? मग बोट बुडते.

आमच्या घरातलं उदाहरण देतो. माझ्या आजीचे भाऊ 'रामदास' बोटीवर गेले असं आम्ही लहानपणापासून ऐकलं. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, मुंबईहून रेवसला जाताना, काश्याच्या खडकाजवळ. मी कागद काढले तर हे मामा १९४३ नंतर कुठेच नाहीत. रामदासच्या चार वर्षं आधीच ते कुठल्यातरी दुसऱ्या बोटीवर गेले होते. गावातली इतकी माणसं रामदासवर गेली की आमच्या घराचं दुःखही त्यातच मिसळलं. दोन बुडालेल्या बोटींची एक बोट झाली.

तांडेलांची_नात

दीपस्तंभ, तुमच्याच गोष्टीत एक बोट खरोखर बुडाली होती ना? चुकली ती बोट आणि चुकलं ते साल. पण मामा समुद्रात गेले हे आजीला बरोबरच माहीत होतं. घरची गोष्ट टाकून द्यायची नसते, तिच्यातला कुठला तुकडा खरा आहे ते बघायचं असतं.

जुनी_पेटी ताईंच्या कथेतही एक तुकडा मला वेगळा वाटतोय. 'मुंबईच्या तोंडाशी'. लढाईत बुडालेल्या बोटी म्हटलं की भूमध्य समुद्र, अटलांटिक हेच आठवतं. कथा नुसती रचायची असती तर 'विलायतेत बुडाली' म्हटलं असतं. मुंबईजवळ कोण कशाला बुडवेल?

कागदवेडा

तांडेलांची_नात, शाबास! माझ्या हातातून हे निसटलं होतं.

मुंबईजवळ खरंच बुडाली होती. पी अँड ओ कंपनीची 'मोंगोलिया'. २३ जून १९१७, मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ५० मैलांवर. 'वोल्फ' नावाचं एक जर्मन जहाज व्यापारी बोटीचं सोंग घेऊन हिंदी महासागरात शिरलं होतं. त्याने १९१७ च्या सुरुवातीला केपटाऊन, कोलंबो, मुंबई अशा बंदरांच्या वाटेवर गुपचूप सुरुंग पेरले. त्यातल्या एका सुरुंगावर मोंगोलिया आली आणि काही मिनिटांत गेली. इंग्लंडहून निघून सगळा धोक्याचा समुद्र पार करून घराच्या उंबऱ्यावर.

ताईंच्या दाखल्यावर 'मों' आहे. पी अँड ओ च्या बोटींवर डेकचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातलेच असत. मी खात्री देत नाही, कारण 'मों'ने सुरू होणाऱ्या बोटी डझनावारी आहेत. पण क्रमांक बघाच.

आणि एक महत्त्वाचं. मोंगोलियावरची बहुतेक माणसं वाचली. मेलेल्यांची संख्या पंचवीसच्या आत होती.

जुनी_पेटी

अंगावर काटा आला वाचून. २३ जून म्हणजे ऐन पावसाची सुरुवात. आमच्याकडे बोटी वर ओढून ठेवतात तेव्हा.

कागद भिंगाखाली धरला. क्रमांक आहे, पण शेवटचे दोन आकडे वाळवीने नेलेत. पहिले चार वाचता येतात.

म्हणजे दीपस्तंभ काकांचं म्हणणं खरं धरलं तर बोट बुडाली पण पणजोबा वाचले असं होऊ शकतं? मग परत का आले नाहीत? हर्णै तिथून काही फार लांब नाही.

कागदवेडा

दोन आकडे गेले तर हरकत नाही, जास्तीत जास्त शंभर शक्यता राहतात. क्रमांकावरून बोट शोधण्याची सूची फुकट उपलब्ध आहे. पहिले चार जुळवून बघा.

दुसरं, समुद्रावर मेलेल्या खलाशांच्या स्वतंत्र नोंदवह्या १८९१ पासून आहेत, त्याही क्यूमध्ये. मोंगोलियावर कोण गेलं ते तिथे पडताळता येईल.

पाचूबंदर

मूळ प्रश्नापासून जरा बाजूला जातोय, पण उपयोग होईल कुणालातरी.

आम्ही वसईचे, आजोळ गोव्याचं. गोव्याची मंडळी बोटींवर बहुतेक सलूनमध्ये, म्हणजे स्टुअर्ड, स्वयंपाकी, बटलर. त्यांचा माग काढायला दोन जागा फार चांगल्या. एक चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या. दुसरी मुंबईतली कूड. धोबीतलावच्या आसपास एकेका गावाची कूड असे, बोट लागेपर्यंत आणि बोटीवरून उतरल्यावर माणसं तिथेच राहत. जेर महालात अजून काही आहेत. तिथल्या सभासदांच्या जुन्या वहीत माझ्या आईच्या काकांचं नाव, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, कुठल्या बोटीवर, सगळं मिळालं. इतक्या साध्या वहीत इतका माणूस!

कोकणातल्या गावांच्याही मुंबईत खोल्या असत. ताई, तुमच्या गावाच्या मंडळाकडे चौकशी करा.

भरती_ओहोटी

मुस्लिम घरांसाठी जमातीच्या वह्या आणि कबरस्तानची नोंदवही बघावी. आमच्याकडे निकाहनाम्यावर नवऱ्याचा धंदा म्हणून 'आगबोटवर नोकरी' लिहिलेलं मिळालं आणि तिथून सगळा दोर उलगडला. दाखल्याला आमच्या घरात 'नल्ली' म्हणत. आजी सांगायची, घर जळत असेल तर आधी पोरं, मग नल्ली, मग दागिने. नल्ली गेली की पुढची बोट नाही.

नल्लीवर 'व्ही. जी.' असे दोन शिक्के असतात का बघा. एक कामाबद्दल, एक वागणुकीबद्दल. फार चांगले, असा अर्थ.

जुनी_पेटी

आहेत! दोन्ही आहेत. मला वाटलं होतं कुणाच्या सह्या आहेत.

आरमार

आमचे पूर्वज कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात होते असं घरात सांगतात. १७२९ च्या आधीचं काही मिळेल का?

मोडीमित्र

आरमार, त्या काळात एकेका दर्यावर्दीचं नाव मिळणं कठीण, पण अशक्य नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात आरमाराचे हिशेब, रोजमुरे, इनामांचे कागद आहेत. तुमच्या घराला आरमारी कामाबद्दल जमीन किंवा वतन मिळालं असेल तर तिथून उलटं मागे जा. वतनाचे वाद पिढ्यान्पिढ्या चालत, आणि वाद झाला की वंशावळ लिहावी लागे. भांडलेल्या घरांची वंशावळ सगळ्यात चांगली मिळते.

यासाठी वेगळा धागा काढाल का? मी येतो तिथे.

जुनी_पेटी ताई, त्या कूपनाची मागची बाजू सपाट उजेडात फोटो काढून टाका. सावली नको. मी वाचून बघतो.

जुनी_पेटी

टाकलाय. डावीकडे पाण्याचा डाग आहे. वाचता आलं तर फार उपकार होतील, घरात हे वाचू शकणारं शेवटचं माणूस जाऊन साठ वर्षं झाली.

सातबारा

मी महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. सगळे बोटीच्या मागे लागलेत, माझं लक्ष फेरफारावर आहे.

ताई, १९२९ च्या फेरफारात शेरा काय आहे तो शब्दशः लिहा. 'मयत' आहे का दुसरं काही? वारस नोंद बारा वर्षं उशिरा होणं नवल नाही, कोकणात चाळीस वर्षं उशिरानेही झालेल्या मी पाहिल्यात. पण शब्द महत्त्वाचा.

दीपस्तंभ

आणि गाव नमुना १४ मागवला का? कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंदवही. गावात मृत्यूची वर्दी दिली असेल तर तिथे असेल.

जुनी_पेटी

नमुना १४ मध्ये पणजोबांची नोंद नाही, ते आधीच पाहिलंय. आजोबांचा जन्म मात्र मिळाला, १९१०.

फेरफारातला शेरा असा: 'सदर इसम आगबोटीवर गेलेला असून सात वर्षांवर त्याचा ठावठिकाणा नाही, सबब वारस दाखल.'

सातबारा

हे बघा, इथेच आहे सगळं.

'सात वर्षांवर ठावठिकाणा नाही' ही तलाठ्याची भाषा नाही, कायद्याची आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८. ज्या माणसाची वार्ता ज्यांना सहज कळायला हवी त्यांना सात वर्षं काही कळलेलं नाही, तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. त्यामुळे सात वर्षं झाली की वारस लागायची वाट मोकळी होते.

आता विचार करा. पणजोबा १९१७ मध्ये बोटीबरोबर गेले असते तर कंपनीकडून कळवलं गेलं असतं, सोबतच्या गाववाल्यांनी येऊन सांगितलं असतं. मग शेरा 'मयत' असा आला असता. आणि सात वर्षंच मोजायची तर १९२४ लाच नाव लागलं असतं. १९२९ मधून सात वजा करा. १९२२. म्हणजे १९२२ च्या आसपास, किंवा थोडं आधी, या घराला त्यांची शेवटची खबर मिळाली होती. जाबजबाबाच्या वेळी तुमच्या पणजीने स्वतः हे सांगितलेलं असणार, दुसरं कोण सांगणार?

पणजीला माहीत होतं की ते लढाईत गेले नाहीत.

तांडेलांची_नात

म्हणून कुंकू.

जुनी_पेटी

मी हे चार वर्षं रोज वाचतेय आणि मला फक्त १९२९ चा आकडा दिसत होता.

वाचनमात्र

या संस्थळावर सात वर्षं फक्त वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. सातबारा काका, दंडवत.

मोडीमित्र

वाचलं. डागाखालचे दोन शब्द सोडून सगळं लागतंय. बाळबोधीत देतो:

'श्री. मिती मार्गशीर्ष शु. ५ शके १८४३. हात दोरात सापडला होता, इस्पितळी होतो, आता बरा. रुपये २० पाठविले. माघात येतो. पडवीचे काम मी आल्यावर करू. (दोन शब्द डागात) पोरास जपणे.'

शके १८४३ म्हणजे १९२१. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. तेव्हा तुमच्या शिक्क्यातले आकडे ११ नाहीत, २१ आहेत. पहिल्या आकड्याचं वरचं वळण नीट बघा.

अक्षर सराईत आहे, लफ्फेदार, कारकुनी वळणाचं. पणजोबांनी स्वतः लिहिलेलं नसावं, कुणाकडून तरी लिहवून घेतलंय. अदन तेव्हा मुंबई इलाख्याच्या कारभारात होतं, टपालही हिंदुस्थानचंच. लिहून देणारा मराठी माणूस तिथे मिळणं काही अवघड नव्हतं.

सातबारा

मार्गशीर्षात डिसेंबर १९२१, माघात यायचे म्हणजे फेब्रुवारी १९२२ च्या आसपास. आले नाहीत. तिथून सात वर्षं, १९२९. फेरफाराशी महिन्याच्या हिशेबाने जुळतंय.

दीपस्तंभ

मी माझं मत अर्धं मागे घेतो. बोट बुडाली हे खरं असावं, ते मुंबईच्या तोंडाशी हेही खरं असावं. घरात ते वाचल्याची आणि पुढे साडेचार वर्षं परत बोटीवर असल्याची गोष्ट तेवढी गळाली. बोट बुडणं लक्षात राहिलं, कारण ते सांगता येतं. नंतरचं नुसतं वाट बघणं सांगायला काही नसतं.

ताई, एक कठीण गोष्ट विचारतो. कार्डिफ, साउथ शील्ड्स अशा बंदरांत उतरून तिथेच राहिलेले आपले खलाशी होते. ती शक्यताही डोळ्यांपुढे ठेवाल ना?

शिडाची_दोरी

दीपस्तंभ, ठेवायला हरकत नाही, पण जो माणूस पडवीचं काम आपण आल्यावर करू म्हणतो आणि २० रुपये पाठवतो, तो लपायला निघालेला वाटत नाही मला. त्या काळी आपल्या खलाशाला गोऱ्या खलाशाच्या एक तृतीयांशही पगार नसे. तांडेलाला २० रुपये म्हणजे हात राखून पाठवलेले नाहीत.

हाताला दुखापत झालेली होती, हे विसरू नका. दोरात सापडलेला हात सडतो. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं.

भरती_ओहोटी

किंवा बरा होऊन बोट मिळाली, आणि त्या बोटीवर काही झालं. कागदवेडा, १९२२ च्या समुद्रावरच्या मृत्यूंच्या वह्या बघता येतील ना?

कागदवेडा

येतील. आणि आणखी एक जागा आहे. नष्ट झालेल्या कार्डांहून वेगळी अशी १९१८ ते १९२१ या काळातली खलाशांची ओळखकार्डं साउथॅम्प्टनच्या अभिलेखागारात आहेत, क्यूमध्ये त्यांची सूची बीटी ३५० या क्रमांकाखाली मिळते. त्यातल्या बऱ्याच कार्डांवर फोटो असतो. आशियाई करारावर गेलेल्या सगळ्यांची कार्डं झाली नाहीत, त्यामुळे आशा फार लावू नका. पण हिंदी खलाशांचे चेहरे मी तिथे पाहिलेत. छातीवर क्रमांकाची पाटी धरलेले, थेट कॅमेऱ्यात बघणारे.

ताई, घरात पणजोबांचा फोटो आहे का?

जुनी_पेटी

नाही. एकही नाही. ते कसे दिसत ते सांगणारंही आता कोणी नाही.

मोडीमित्र

दोन शब्द राहिले होते ते लागले. निळ्या रंगाचा भाग कमी करून बघितला. 'जोते राखणे' असं आहे. म्हणजे पूर्ण वाक्य: 'पडवीचे काम मी आल्यावर करू. जोते राखणे, पोरास जपणे.'

जुनी_पेटी

तीन दिवस लिहिलं नाही, क्षमा करा. गावी गेले होते, आत्याकडे. आत्या ८६ वर्षांची आहे. ती पणजीच्या हाताखाली वाढली, पणजी गेली तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती.

आधी कामाचं सांगते. क्रमांकाचे पहिले चार आकडे सूचीत मोंगोलियाच्या क्रमांकाशी जुळतात. १९१५ ची यादी आता उघडतेय. वडिलांच्या नावाने शोधायचं, आडनाव विसरायचं, भंडारी दिसला तर फसायचं नाही, सगळं लिहून घेतलंय. मृत्यूंच्या वहीसाठी क्यूला पत्र पाठवलंय.

आता दुसरं. आत्याला मी कूपनाचं वाचन वाचून दाखवलं. तिला मनीऑर्डरबद्दल काही माहीत नव्हतं. 'जोते राखणे' म्हटल्यावर तिने मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

आमच्या जुन्या घराच्या दक्षिणेला एक जोतं होतं. नुसतं जांभ्याचं जोतं, वर काही नाही, ना खांब ना छप्पर. बाबा सांगायचे की आम्ही मुलं त्याच्यावर खेळायला गेलो की पणजी ओरडायची. कुणाला वाटे तिथे काही देवाचं असेल. १९७४ ला घर नव्याने बांधलं तेव्हा ते काढलं, दगड कुंपणाला लावले.

आत्या म्हणाली, 'आजी दर माघात ते सारवायची. मी शेण कालवून द्यायचे. एकदा विचारलं, हे कशाला गं, इथे तर कोणी बसत नाही. तर म्हणाली, बसतील.'

मग आत्या मला कुंपणाकडे घेऊन गेली. अजून सहा-सात दगड तिथे आहेत, घडीव, बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसतात.

कागदवेडा

ताई, यादीत जिथे अडाल तिथलं पान इथे टाका. आम्ही सगळे वाचू.